पाहणी, मे महिना

सकाळचे अकरा, पारा पंचेचाळीस.
जळगावात या दिवसांत
पेटलेलं काय आणि नुसतं तापलेलं काय
हे हात लावल्याशिवाय कळत नाही.
जिन्याचा कठडासुद्धा चटका देतो.

माझ्या हातात महापालिकेचा फॉर्म:
होय, नाही, लागू नाही.
मागे सेक्रेटरी भंगाळे, उसाच्या रसाचा ग्लास घेऊन.
"आधी घ्या तर साहेब, बिल्डिंग कुठे पळून जाते?"
पळायचं माणसांना असतं, भंगाळे.
असं मी म्हणालो नाही. रस प्यालो.

तळघर नकाशात पार्किंग आहे.
प्रत्यक्षात प्लास्टिकच्या चटया, छताला टेकलेले गठ्ठे,
निळ्यावर गुलाबी मोर,
गुंडाळलेले शेकडो मोर.
मला त्यांचा जळतानाचा वास माहीत आहे.
एमआयडीसीत त्या पहाटे
दार आतल्या बाजूला उघडत होतं,
आणि आतली माणसं ते बाहेर ढकलत होती.
एवढंच. बाकीचं अहवालात आहे.

पहिल्या मजल्यावर लाल नळकांडं, रंग ताजा,
चिठ्ठीवर यंदाची तारीख.
नखानं खरवडली. खाली गेल्या वर्षीची,
तिच्याखाली आणखी एक,
अगदी तळाशी ते साल
जेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती.
काटा शून्यावर, निवांत.

दुसऱ्यावर कूलर, अर्धा जिना खाऊन बसलेला.
चालणार नाही, मी कडक आवाजात म्हणालो.
(पिंप्राळ्याला आमच्या जिन्यात
माझाच कूलर आहे. खिडकीला ऊन लागतं म्हणून.)

घंटेचं बटण दाबलं.
आधी काहीच नाही. मग बॅटरीवर,
घसा बसलेल्या माणसासारखी ती वाजली.
तिसऱ्या मजल्यावर अभ्यासिकेतल्या पोरांनी
माना वर केल्या, पुन्हा खाली घातल्या.
चौथ्यावर एकच दार उघडलं.
बनियनमधले देवरे आबा, हातात पुठ्ठ्याचा पंखा:
"लाईट उनी का?"

गच्चीला कुलूप.
किल्ली पुष्पाताई बऱ्हाटेंच्या कमरेला.
"खालून धूर आला तर वर यायचंय ना ताई?"
"अन् बिबडे? पोरं अर्धे ओलेच पळवतात."
उघडलं तर जुन्या साड्यांवर ज्वारीचे पातळ गोल,
कडा उचललेल्या, कान टवकारल्यासारखे.
मी एक खाल्ला, अर्धा ओला.
फॉर्ममध्ये त्याची नोंद नाही.

उतरताना तळमजल्यावर पाइपची लाल पेटी उघडली.
आत पाइप नव्हता.
कंगवा, दाढीचं सामान, भाकरीचा डबा,
आणि पिशवीत नीट घडी घातलेला
मुलीचा दहावीचा निकाल.
गुलसिंग पावरा, वॉचमन, धडगावकडचा,
मान खाली घालून उभा.
"पाइप मी यायच्या आधीच नव्हता साहेब."
मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखा:
"आमच्याकडं डोंगर पेटतो ना,
तर आगीच्या मागं कोणी धावत नाही.
पुढं जायचं. पाला झाडून पट्टा करायचा.
तिला खायला काही मिळालं नाही
की ती बसते."
विझते म्हणाला नाही. बसते म्हणाला.

त्याच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना शोधला.
नाही, नाही, नाही, लागू नाही, सही, शिक्का.
भंगाळ्यांनी नोटिशीची चौघडी केली,
ग्लासखाली ठेवली,
शाई ओल्या वर्तुळात पसरत गेली.
"मुदत वाढवून मिळते ना साहेब?"

फाटकाशी गाडीला किक मारली, लागली नाही.
मागे खराट्याचा आवाज.
गुलसिंग जिना झाडत होता,
चपलांचे रॅक, गणपतीचं मोडकं मखर,
सायकलचं एकच चाक बाजूला ओढत,
वरून खाली, पायरीपायरीनं,
जशी ती अजून लांब आहे
आणि निघाली आहे.